चौऱ्याऐंशीची शिळा आणि आपल्या दिंडीची वही





दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. मंडळींनी दिंडीचा इतिहास लिहायचं काम आम्हा म्हाताऱ्यांकडं दिलं. लिहिणारा हात एकाचा आहे, तोही चौथीपर्यंतच शिकलेला. पण सांगणारी तोंडं बरीच आहेत, म्हणून ‘आम्ही’ असंच लिहितो. चूकभूल पदरात घ्यावी.

इतिहास लिहायचा तर आधी कागद पाहिजे. आपल्या देवळाच्या कोठीत पत्र्याची एक पेटी आहे आणि तिच्यात दिंडीची जुनी वही आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर आषाढीला निघताना पेटीला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि पेटी जागच्या जागी ठेवायची, असा नेम. उघडून कुणी बघितली नव्हती. यंदा उघडली. वरती जुनी पताका होती, ती हात लावताच चिंध्या होऊन आली. तिच्याखाली टाळांची एक जोडी, दोरी कुजलेली. आणि तळाला वही. पेटीचा तळ गंजून भोक पडलेलं, त्यातून वाळवी शिरलेली. वहीचा निम्मा भाग माती झालेला. उरलेल्या पानांवर अक्षरं होती, पण ती मोडी. आपल्या गावात मोडी वाचणारं आता कुणी उरलं नाही.

आम्ही सगळे गप बसलो. इतकी वर्षं आम्ही पेटीला हळदकुंकू वाहिलं, आणि आत वाळवी वही खात होती. पूजा चालू होती, राखण नव्हती. त्या दिवसापासून हा एकच विचार डोक्यात घोळतो आहे. मग यंदाच्या वारीत आम्ही ठरवलं, की नेहमीची वाट जरा डोळे उघडे ठेवून चालायची. आपल्या आधीच्या माणसांनी काय राखलं, कसं राखलं, आणि आपण काय घालवलं, ते बघायचं. तीच वाट इथं सांगतो.

सुरुवात आळंदीपासून. महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. आपण तिला डोकं टेकवतो आणि गर्दीबरोबर आत जातो. हैबतबाबा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ते सगळं सोडून आळंदीला येऊन राहिले. माऊलींच्या पादुका पालखीत ठेवून, दिंड्यांचा क्रम लावून, भजनाची शिस्त घालून आजच्या रीतीचा सोहळा त्यांनी १८३२ च्या सुमारास सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, ते अजून येतात. त्याच्याही आधी, १६८५ मध्ये, देहूला तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबांनी पालखी काढली होती. म्हणजे आपण शंभर वर्षांचा मान मिरवतो ते ठीक, पण आपली दिंडी ज्या रीतीनं चालते ती रीतच दोनशेच्या घरात आली आहे. आपण त्या रीतीत मागाहून येऊन उभे राहिलो. ही गोष्ट पायरीजवळ उभं राहिलं की कळते. तिथं कळली नाही तर कुठंच कळायची नाही.

पुण्याला पालखीचा मुक्काम असतो. मधल्या दिवशी पायाला विसावा असतो, त्या दिवशी आमच्यातली काही मंडळी राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला गेली. आमचा समज असा, की संग्रहालय म्हंजे तलवारी, तोफा आणि राजेमहाराजांचे कपडे. आपलं तिथं काय काम? पण आत गेलो आणि बघतच राहिलो. दिवे. नाना तऱ्हेचे अडकित्ते. पाय घासायच्या वजऱ्या. किसण्या, कुंकवाचे करंडे, दौती, वाद्यं, वाड्यांचे कोरीव दरवाजे. दिनकर गंगाधर केळकर नावाच्या एका गृहस्थानं हे सगळं आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलं. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि पुढं त्यांनी तो सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला.

आमच्याबरोबर दिंडीतली एक म्हातारी माउली होती. ती एका कपाटापुढं उभी राहिली ती हलेचना. म्हणाली, “अगं बाई, ही तर माझ्या सासूची किसणी!”

आम्ही म्हणालो, “आक्का, तुमच्या सासूची इथं कशी येईल?”

“तिची न्हवं, पर तसलीच. अशीच पितळंची. मी ती मोडीत घातली. तिच्या बदल्यात स्टीलचा डबा घेतला.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आन् आता तिकीट काढून बघाया आले.”

आम्ही हसलो. पण बाहेर आल्यावर कुणी फार बोललं नाही, कारण ज्याला त्याला आपापलं घर आठवत होतं. आणि सगळ्यांना मिळून आठवला तो दिंडीचा तांब्याचा हंडा. जुन्या माणसांना आठवत असेल. मुक्कामाला पाणी त्याच हंड्यात भरायचे. उचलायला दोन गडी लागायचे. त्याच्या गळ्याला देणाऱ्याचं नाव ठोकून घातलेलं होतं. तो गळायला लागला. कल्हई आणि डाग द्यायला पैसे लागत होते, म्हणून आम्हीच एका वर्षी तो वजनावर घातला आणि जर्मनची दोन पातेली घेतली. पातेली चार वर्षांत चेपली. हंड्यावर नाव कुणाचं होतं, हे आज आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. रोज त्या नावावर हात ठेवून पाणी प्यायलो, आणि नाव वाचलं नाही.

पुढं दिवेघाट चढून सासवड. तिथं सोपानकाकांची समाधी. जेजुरी, वाल्हे करून नीरेवर माऊलींचं स्नान, मग फलटण, माळशिरस, आणि वेळापूर. वेळापूरला आपल्याला काय आठवतं? धावा. इथून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून आपणही उतारावरून धावतो. पण त्याच वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं यादवांच्या वेळचं देऊळ आहे, तिथं रामदेवराव यादवांच्या काळातले शिलालेख आहेत, आणि वीरगळही आहेत. आम्ही इतक्या वाऱ्या केल्या, पण यंदा पहिल्यांदा सवडीनं तिथं जाऊन बसलो.

वीरगळ म्हणजे काय ते तरुण मुलांसाठी सांगतो. गावासाठी लढून मेलेल्या माणसाचा तो दगड. खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई असते, पुष्कळदा गाईगुरं दाखवलेली असतात, म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी तो लढला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यांत वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करत बसलेला असतो. आणि डोक्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते कशासाठी? चंद्र-सूर्य आहेत तोवर ह्याची आठवण राहो, म्हणून. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. राजाचा इतिहास बखरीत राहतो, गुराख्याचा आणि शेतकऱ्याचा असा दगडात राहतो.

वेळापुरात हे ऐकताना आमच्या पोटात गोळा आला. कारण असले तीन दगड आपल्या गावातही होते. मारुतीच्या मागं. एकावर बाया धुणं धुवायच्या. देवळाचा जीर्णोद्धार केला तवा दगड कमी पडले, तर त्यांतला एक आम्ही पायात घातला. घातला म्हणजे आमच्याच हातांनी पहारीनं लोटून घातला, वर चुना-सिमेंट ओतलं. दुसऱ्यावर भक्तीनं शेंदूर चढवला, मग कुणीतरी ऑइलपेंट दिला, निळा आणि पिवळा. आता त्यावरचा लढणारा माणूस कुठला आणि घोडा कुठला हे ओळखू येत नाही. तिसरा धुण्याचाच राहिला, त्याच्या चौकटी झिजून सपाट झाल्या. ज्या माणसानं आपली गुरं राखायला जीव दिला, त्याच्या छातीवर आपण साबण चोळला. कुणी वाईट बुद्धीनं केलं नाही. माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून दगड परत येत नाही.

असा हा हिशेब मनात घेऊन आम्ही वाखरी गाठली आणि मग पंढरी. आता ज्या शिळेचं नाव ह्या लेखाला दिलं आहे तिच्याकडं येतो.

श्रीविठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. आपल्या वाडवडिलांना तो चांगला ठाऊक होता. त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा समज. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी तिला पाठी घासल्या. आम्हालाही लहानपणी बापानं खांद्यावरून उतरवून घासायला लावलेली आहे. घासली तवा दगड गार लागला, एवढंच आठवतं. त्यावर काय लिहिलं आहे, हे ना बापाला माहीत, ना आम्हाला.

त्यावर काय लिहिलं आहे ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोठ्या कष्टानं लावलं. हे मंडळ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलं. खरे यांनी पंढरीच्या ह्या लेखांचा अभ्यास करून ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ हे पुस्तक लिहिलं. आता ऐका त्या शिळेवर काय आहे. तिथं मंत्र नाही, फेरा चुकवायचा उपाय नाही. तिथं आहे वर्गणीची यादी! शके ११९५ ते ११९९, म्हणजे सन १२७३ ते १२७७ ह्या वर्षांत विठ्ठलदेवाला फुलं वाहण्यासाठी, चंद्र-सूर्य असेपर्यंत ती सेवा चालावी म्हणून, कोणत्या भक्तानं किती पैका दिला, त्याचा तो तपशील आहे. त्यात देवगिरीचे रामदेवराव यादव आहेत, त्यांना पंढरीच्या फडाचे मुख्य म्हटलं आहे. त्यांचे हेमाडपंत आहेत. आणि त्याच शिळेवर बाकीचे भक्तही आहेत. राजा आणि रयत एकाच यादीत.

हे आम्हाला कळलं तवा अंगावर काटा आला. एक तर सालं बघा. माऊलींचा जन्म शके ११९७ चा मानतात. म्हणजे तिकडं माऊली तान्हे होते, त्या वेळी इकडं पंढरीत पाथरवट ही शिळा कोरत बसला होता. नामदेवराय पाच-सात वर्षांचे असतील. वारीचा उगम शोधायला आपण ग्रंथ उघडतो, आणि ही शिळा आपल्या पाठीशी उभी होती.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ती यादी म्हणजे दगडातली दिंडीची वहीच की हो! आपल्या वहीत काय असतं? अमक्यानं पायलीभर ज्वारी दिली, तमक्यानं एका मुक्कामाची पंगत दिली. तिथंही तेच. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या भाविकांना वाटलं, की कागद टिकायचा नाही, म्हणून दगडावर घाला. ऊन, पाऊस, राज्यं, लढाया, ह्यांतून तो दगड वाचला. त्याला झिजवलं कुणी? आपल्यासारख्या भक्तांनी. फुलांसाठी पैका देणाऱ्यांची नावं आपण आपल्या पाठीनं पुसली, आणि ती पुसताना आपल्याला वाटत होतं की पुण्य लागतंय.

स्पर्शानं जवळीक वाटते, हे खोटं नाही. आपला संप्रदायच स्पर्शाचा. पायावर डोकं ठेवायचं, उराउरी भेटायचं. नामदेव पायरीला हात लावला की नामदेवराय भेटल्यासारखं वाटतं, ते आम्हालाही वाटतं. जुन्या जागी गेलं की मागची माणसं जवळ येतात, त्यासाठीच तर माणूस वाट तुडवत जातो. पण जवळ येणं आणि झिजवणं ह्यांत फरक आहे. आपण शिळेला पाठ लावली, तोंड लावलं नाही. म्हणजे तिच्याकडं वळून कधी वाचलं नाही. जवळ गेलो ते स्वतःच्या फेऱ्यासाठी गेलो, त्या नावांसाठी गेलो नाही.

सन २०२४ मध्ये पंढरीच्या देवळाचं जतनाचं काम झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद होतं, तवा पुष्कळांनी कुरकुर केली, आम्हीही केली. पण तिथं काय केलं बघा. मागाहून बसवलेली ग्रॅनाइटची फरशी काढली आणि जुना काळा दगड पुन्हा मोकळा केला. त्याच कामात देवळात एक तळघर लागलं, त्यात जुन्या मूर्ती आणि पादुका मिळाल्या. म्हणजे प्रत्यक्ष पांडुरंगाच्या घरी फरशी काढून दगड मोकळा करतात, आणि आपण गावाकडं दगडावर फरशी बसवतो, रंग देतो, आणि वर पाटी लावतो, जीर्णोद्धार झाला म्हणून. ह्यावर आम्ही कीर्तनातही बोलणार आहोत.

देवळातून बाहेर आलो की नामदेव पायरीजवळ चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून चोखोबा गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून इथं महाद्वारी समाधी बांधली, असं परंपरा सांगते. ती समाधी बाहेर का आहे, हा प्रश्न लहान पोरं विचारतात. तिथं उभं राहिलं की उत्तर द्यावंच लागतं. ज्यांना आत जाता येत नव्हतं, त्यांचा संत दाराशी राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केलं, तवा हे दार सगळ्यांना उघडलं. हाही इतिहासच. तो गोड नाही, पण त्याच जागेवर उभं राहून तो सांगावा लागतो.

हे इथं का सांगितलं, ते आता आपल्या वहीकडं परत आलो की कळेल.

वारीहून आल्यावर आम्ही तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरुजी गाठले. त्यांना मोडी येते. चार रविवार ते कोठीत बसले. पानं उलटायला आम्ही, वाचायला ते. गंमत बघा, मोडी वाचता येईना म्हणून आपली वही मोडीत निघायची वेळ आली होती. मोडी लिपी हेमाडपंतांनी आणली असं लोक सांगतात, आणि त्याच हेमाडपंतांचं नाव पंढरीच्या त्या शिळेवर आहे. फिरून फिरून सगळं एकाच जागी येतं.

वहीत काय निघालं? पायलीभर ज्वारी. आठ आणे. बैलगाडी जाऊन-येऊन. मुक्कामाला कंदिलाचं तेल. एका वर्षी पाऊस नव्हता, त्या वर्षी बहुतेक नावांपुढं आकडाच नाही, फक्त ‘स्वतः चालले’ असं लिहिलं आहे. हे वाचताना गुरुजींचाही आवाज बसला. आणि तिसऱ्या रविवारी एक ओळ लागली. तांब्याचा हंडा एक, आणि देणाऱ्याचं नाव. तो हंडा एका विधवा बाईनं दिला होता. नवऱ्याच्या माघारी, त्याच्या नावानं, अंगावरचं सोनं मोडून. ज्या हंड्याची आम्ही जर्मनची पातेली केली, तो त्या माउलीचा हंडा. तिच्या घरात आज कुणी उरलं नाही. तिचं नाव वहीतल्या एका ओळीत तेवढं राहिलं होतं, आणि वाळवी त्या ओळीच्या दोन बोटं अलीकडं थांबली होती.

चौथ्या रविवारी एक पान निघालं, त्यावर खालच्या अंगाला आडवी रेघ मारलेली. रेघेच्या वर सगळ्या वाड्यांची नावं. रेघेखाली ओढ्यापलीकडच्या घरांची पाच नावं. त्यांनी सरपण पुरवलं, दिंडीबरोबर पंढरीपर्यंत चालले, आणि नावांपुढं लिहिलं आहे, ‘पंगत निराळी’. गुरुजींनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

ह्या पानावरून आमच्यात वाद झाला, तो लपवत नाही. काहींचं म्हणणं, शंभर वर्षांचं मंगल कार्य, त्यात हे पान कशाला छापायचं? बाकीची पानं छापा, हे राहू द्या. आमच्यातल्या जाणत्यांनाही ते पटत होतं. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. मग त्या पाच घरांतल्या एकाचा नातू उठला. आज तो आपल्या दिंडीत पखवाज धरतो. तो म्हणाला, “रेघ तुम्ही झाकाल, पर तिच्याबरोबर माझ्या आज्याचं नावबी झाकंल. तो पंढरीला चालत गेला ह्येला दुसरा पुरावा न्हाई आमच्याकडं. छापा तुम्ही.”

त्याच्यापुढं कुणी बोललं नाही. ते पान ह्या स्मरणिकेत रेघेसकट छापलं आहे. वाचावं. आपल्या पोरांना दाखवावं. सांगावं, की आपल्या दिंडीत अशी रेघ होती आणि ती चुकीची होती. शिळेवरची नावं आपण अजाणतेपणी पुसली. वहीतली जाणूनबुजून पुसली असती, तर ते पाप कुठल्या शिळेला पाठ घासून गेलं नसतं.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या कागदाचं काय घेऊन बसलात? तर आपल्या संप्रदायाची गोष्ट ध्यानात घ्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, चुकीचे पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. माऊलींना तीनशे वर्षं होत आली होती. मधल्या तीनशे वर्षांत कुणाकुणाच्या घरी त्या प्रती रुमालात बांधून राहिल्या, म्हणून नाथांना त्या मिळाल्या. तुकोबारायांचे टाळकरी संताजी जगनाडे, तेलाचा घाणा चालवणारे, त्यांनी अभंग वहीत उतरवले. त्यांच्या घरच्यांनी त्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. पुढं वि. ल. भावे यांनी त्या वह्यांवरून गाथा छापला. ह्या घरांकडं ना राजवाडा होता, ना संग्रहालय. एक कोनाडा होता आणि राखायची बुद्धी होती. आपण रोज जे अभंग म्हणतो, ते अशा कोनाड्यांतून आपल्यापर्यंत आले.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं काही गोष्टी ठरवल्या आहेत. देवळाच्या कोठीशेजारची खोली मोकळी करून तिथं एक काचेचं कपाट ठेवलं आहे. त्यात वही, पताका, जुने टाळ, पहिली वीणा आणि गावातून ज्यानं त्यानं आणून दिलेल्या वस्तू राहतील. वस्तू देणाऱ्याचं नाव वहीत चढेल. वही कोरड्या सुती कापडात बांधली आहे, जवळ वेखंड आणि कडुनिंबाचा वाळला पाला ठेवला आहे. पानांना चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही. मुलांनी प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले आहेत आणि ते चार घरांत ठेवले आहेत, म्हणजे एका घरचे गेले तरी तीन राहतील. दर चातुर्मासात एकदा कपाट उघडून वाळवी, ओल बघायची. ही पाळी घरोघर फिरेल, जशी पंगत फिरते.

धुण्याचा दगड उचलून मारुतीच्या ओट्यावर उभा केला आहे. रंगवलेल्या वीरगळाला कुणीही खरवडायला जाऊ नये, पॉलिश करू नये. पुरातत्त्व खात्याला कळवलं आहे, ते सांगतील तसं करू. कुणाच्या शेतात, बांधावर, विहिरीच्या काठाला अक्षराचा किंवा चित्राचा दगड असेल, तर त्याला चुना, शेंदूर, रंग, सिमेंट काही लावू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर रात्री बाजूनं बॅटरी धरून बघा, झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात. फोटो काढा आणि आम्हाला येऊन सांगा.

पायात घातलेल्या दगडाचं मात्र काही करता येत नाही. तो काढला तर भिंत येईल. त्या जागेवर भिंतीला आम्ही एक छोटी पाटी लावली आहे, की ह्या भिंतीखाली गावासाठी मेलेल्या माणसाचा वीरगळ आहे, आणि तो इथं आम्ही घातला. वारीला निघताना पहिला नारळ आता तिथं फुटेल.

पुढच्या आषाढीला पंढरीत जाल, तवा चौऱ्याऐंशीच्या शिळेला पाठ लावू नका. हात जोडून तिच्याकडं तोंड करून उभे राहा. अक्षर लागलं नाही तरी चालेल, आम्हालाही लागत नाही. तिथं फुलांसाठी पैका देणारी माणसं आहेत, एवढं मनात आणा. आणि त्यांच्याबरोबर हंडा देणारी आपली माउली, सरपण वाहणारे रेघेखालचे पाच जण, आणि ज्यांच्या नावापुढं फक्त ‘स्वतः चालले’ एवढंच आहे, त्यांना दंडवत घाला.

काही उणंअधिक लिहिलं असेल तर क्षमा असावी.

रामकृष्णहरी.